ताईचा ट्रॅक्टर बांधापाशी थांबतो

ता. २ ऑक्टोबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू भलतंच ऐकतोस, म्हणून आपलं पत्रच बरं. बस डेपोत तीस वर्षं गिअरबॉक्स उघडलेस आणि कान तिथंच ठेवून आलास.

बातमी अशी, की नवा ट्रॅक्टर आला. जुना भंगारवाल्याने ओढून नेला तेव्हा मी मुद्दाम गोठ्यात काम काढून बसले. जाताना बघवला नसता. नव्याचं काय सांगू? दोन पायांमध्ये गिअरचा दांडाच नाही! स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला पळीएवढी एक काडी आहे. पुढे ढकलली की पुढे, मागे ओढली की मागे, मध्ये ठेवली की न्यूट्रल. क्लच दाबायची गरज नाही म्हणे. उजव्या हाताशी दुसरा दांडा, त्यावर कासव आणि सशाचं चित्र. कासव रानासाठी, ससा रस्त्यासाठी. दुकानाचा माणूस अर्ध्या तासात सगळं दाखवून, चहा पिऊन गेला. त्याला वाटलं मला समजलं. तो फाटकाबाहेर जाईपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

डावा पाय अजून आपोआप क्लचवर जातो, ते एक वेळ सुधारेल. खरं दुखणं निराळंच आहे. रानातला एकेक तास, म्हणजे या बांधापासून त्या बांधापर्यंतची ओळ, सुरळीत जातो, पण बांध जवळ आला की गाडी आपणहून गिअरमधून सुटते. इंजिन चालू, चाकं थांबलेली आणि समोर एक पिवळा दिवा डोळे मिचकावतो. एका तासाला नाही, प्रत्येक तासाला! तुझे भाऊजी गुडघ्यांमुळे वर चढत नाहीत, पण बांधावर खुर्ची टाकून सूचना भरपूर देतात. त्या बंद करायचं बटण कुठं मिळालं नाही.

तुला हसू येईल, पण मला येत नाही. तुझ्या भाच्याने, म्हणजे आमच्या पोराने, ट्रॅक्टर घेऊन दिला तो अटीवर. महिनाअखेरीला उताराचं रान मी माझ्या हाताने पेरलं तर ठीक, नाही तर दोन्ही रानं ठेकेदाराला खंडाने द्यायची आणि आम्ही दोघांनी त्याच्याकडे शहरात तिसऱ्या मजल्यावर राहायला जायचं. पोरगा वाईट नाही, त्याला माझी काळजी वाटते. पण तिसऱ्या मजल्यावर सकाळी उठून मी करू काय? लोकांच्या गच्च्यांवरचे कपडे मोजू?

तुझ्या डोक्यात काही येतं का ते लिही. लोभ गिअरमध्ये राहू दे.

तुझी
ताई


ता. ७ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं, एकदा हसायला आणि एकदा विचार करायला. 

क्लच नाही असं समजू नकोस. तो आत आहे. तेलात बुडवलेल्या चकत्या असतात, तेलाचा दाब आला की एकमेकींना घट्ट धरतात, दाब गेला की सोडतात. तुझी काडी फक्त तेलाला सांगते, इकडे जा, तिकडे जा. म्हणजे तुझा डावा पाय जे काम करायचा ते आता तेल करतं. पायाला निवृत्त झाल्याचं कुणीतरी सांगायला हवं. डाव्या पायातली चप्पल काढून ठेव. उघडा पाय पेडलला लागला की त्याची त्याला आठवण होईल.

सुटतो तेव्हा घाई करू नकोस. आधी ब्रेक, मग काडी मधोमध, मग पुन्हा पुढे. गिअरच्या तेलाची पट्टी काढून बघ, तेल खुणेच्या खाली असेल तर दाब पडत असणार. तेवढ्यावर भागलं नाही तर दुकानाच्या मेकॅनिकला बोलाव. मी हजारभर गिअरबॉक्स उघडले असतील, पण आपणहून सुटणारा अजून भेटलेला नाही.

भाऊजींच्या खुर्चीचं तोंड दुसऱ्या बांधाकडे करून बघ. 

लोभाचं तेल खुणेपर्यंत आहे, काळजी नसावी.

तुझा
धाकटा


ता. १३ ऑक्टोबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

चप्पल काढली, पाय शहाणा झाला. तेल खुणेला बरोबर. मेकॅनिकही येऊन गेला. त्याने चार तास मारले, इकडून तिकडे, तिकडून इकडे. एकदाही सुटला नाही! मग मी चढले आणि पहिल्याच बांधाला पिवळा दिवा. मेकॅनिक हसून म्हणाला, की मावशी, मशीनला तुमची सवय व्हायचीय. मीही हसले. हसण्यासारखं काही नव्हतं.

रविवारी भाचा आलेला असताना उताराच्या रानात शिरले. चढाच्या तासाला वरच्या टोकाशी तसाच सुटला, पण तिथं नुसता थांबला नाही, मागे सरकला. मी ब्रेकपर्यंत पोचेतो मागे जोडलेली पेरणीची पाभर खालच्या दगडात जाऊन अडकली. बियाण्याची एक नळी वाकली, बाकी काही नाही. मला खरचटलंही नाही. पण भाच्याने ते पाहिलं. ओरडला असता तर मीही दोन शब्द सुनावले असते. तो ओरडलाच नाही. नळी हातात घेऊन उलटसुलट बघत राहिला आणि हळूच म्हणाला, की शनिवारी ठेकेदाराला रान दाखवायला आणतो. तुझे भाऊजी खुर्ची मिटून घराकडे निघाले. इतक्या वर्षांत एकही सूचना न देता ते उठलेले मी पहिल्यांदा पाहिले.

दुसऱ्याच्या हाताखाली चालतं आणि माझ्या हाताखाली चालत नाही, याचा अर्थ सरळ आहे ना? तू मला कधी खोटं सांगितलं नाहीस. माझं वय झालं का रे? झालं असेल तर तसं लिही. तुझ्याकडून कळलेलं मी पचवीन.

लोभ असू दे. आज विनोद सुचत नाही.

तुझी
ताई


ता. १७ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

वय झालं की नाही हे सांगायचा अधिकार मला नाही. मी धाकटा आहे.

पण मेकॅनिकच्या हाताखाली गाडी नीट चालली ही मला आनंदाची बातमी वाटली, तुला दुःखाची. म्हणजे बिघाड गिअरच्या पेटीत नाही. डेपोत एक बस रोज एकाच वळणाला कुरकुर करायची. आम्ही दोनदा पेटी उघडली. शेवटी मी ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलो, तर तो त्या वळणाला गिअरच्या दांड्यावर कोपर टेकून पान काढायचा.

तेव्हा आता ट्रॅक्टरचं वर्णन पुरे. तू काय करतेस ते लिही. तास सुरू झाल्यापासून बांधापर्यंत हात कुठे, पाय कुठे, डोळे कुठे. हे काय लिहायचं असं वाटेल, तेच आधी लिही.

लोभ आहेच, फक्त पत्राची घाई आहे.

तुझा
धाकटा


ता. २० ऑक्टोबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

ठेकेदार शनिवारी आलाच नाही. भाच्याने म्हणे त्याला महिनाअखेरीस ये म्हणून कळवलं. कारण विचारलं तर चष्मा पुसत बसला. काय झालं त्याला कोण जाणे.

तू मागितलेलं लिहिते. किल्ली फिरवते. कासव लावते, गिअर दुसरा. लिफ्टचा दांडा खाली करून पाभर टेकवते. काडी पुढे. डावा हात स्टिअरिंगवर, डोळे समोरच्या खुणेच्या काठीवर. अधूनमधून मागे वळून बी पडतंय का बघते. बांध दहा पावलांवर आला की नेहमीसारखी उभी राहते, उजव्या हाताने लिफ्टचा दांडा ओढते आणि पाभरीचे फण जमिनीतून सुटले का ते मागे बघते. सुटले की वळायचं. पण वळायच्या आधीच दिवा लागतो.

यात काय आहे? पन्नास-बावन्न वर्षं हेच करते आहे.

लोभ धरून उत्तर लौकर पाठव.

तुझी
ताई


ता. २४ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

अगं, बस! नुसती बस!

तुझं पत्र वाचून एकटाच इतका हसलो, की शेजारीण दार वाजवून गेली. हल्लीच्या गाड्यांना सीटखाली एक बटण असतं. सीटवरचं वजन उठलं की गाडीला वाटतं, चालवणारी पडली. मग ती चकत्यांचं तेल सोडते, म्हणजे चाक पडलेल्या माणसावर जाऊ नये. ताई, ती बिचारी प्रत्येक बांधाला तुझा जीव वाचवत होती. मेकॅनिक बसून चालवत होता, म्हणून त्याला काही दिसलं नाही.

आणि तू उभी का राहतेस, हे तुला आठवत नसेल, मला आठवतं. वडिलांचा ट्रॅक्टर तू हाती घेतलास तेव्हा मी सहा वर्षांचा. मला घरी बघायला कोणी नव्हतं, म्हणून सीटवर मला बसवायचीस आणि पुढे स्वतः उभी राहून चालवायचीस. मी तुझ्या कमरेला धरून झोपायचोसुद्धा. मी सीटवरून उतरलो त्याला जमाना झाला. आता ती जागा तुझी आहे.

कुणी शहाणा तार जोडून ते बटण बंद करून देतो म्हणाला, तर त्याला चहाही देऊ नकोस. सीटखालच्या पट्टीने सीट पुढे आणि वर घे, मग मागचं दिसेल. मडगार्डवर आरसा लाव. उतारावर काडी हलवायच्या आधी दोन्ही ब्रेक.

एक कबुली. भाच्याला मी मोबाईलवर लिहिलं होतं, महिना पुरता होऊ दे म्हणून. रागवायचं तर माझ्यावर रागव.

लोभात बटण नाही, उठलीस बसलीस तरी सुटायचा नाही.

तुझा
धाकटा


ता. ३१ ऑक्टोबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

रागवायला सवड नव्हती, म्हणून राहून गेलं.

बसणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. बांध आला की अंग आपोआप वर. पहिल्या दिवशी नऊ वेळा उठले. तुझे भाऊजी खुर्चीवरून बस, बस ओरडत होते आणि जन्मात पहिल्यांदा त्यांची सूचना कामाची होती. दुसऱ्या दिवशी तीनदा. तिसऱ्या दिवशी उताराच्या रानात शिरले. वरच्या टोकाला पोचले, अंग ताठ झालं, पण सीट सोडली नाही. आरशात फण वर आलेले दिसले, ब्रेक, काडी, आणि गाडी लोण्यासारखी वळली. धाकट्या, वळताना मी मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही.

काल भाचा ठेकेदाराला घेऊन आला. माझे शेवटचे सहा तास राहिले होते. मी उतरले नाही. दोघं बांधावर उभे. सहाही पुरे करून खाली आले तर भाचा ठेकेदाराला सांगत होता, की रान द्यायचं नाही, आई पेरते. मग मला म्हणाला, की रविवारी मलाही शिकव. स्वतः घेतलेल्या गाडीवर तो अजून चढलेला नाही, हे तेव्हा कळलं.

ठेकेदार मात्र हलेना. त्याने याच जातीचा ट्रॅक्टर घेतलाय आणि त्याचा ड्रायव्हर उतारावर न्यायला घाबरतो. त्याने मला विचारलं, की त्याच्या उताराच्या तुकड्यात मी पेरून देईन का. धाकट्या भावाला विचारून सांगते म्हणाले. उद्यापासून तळाचं रान धरते, ते चार दिवसांत उरकेल. मी हो म्हणायच्या बेतात आहे. तुला नको वाटत असेल तर लौकर लिही. उशीर केलास तर त्याचं रान पेरून झालेलं असेल.

लोभ आहे, तुझा माझ्यावर आणि माझा सीटवर.

तुझी
ताई