दोन एक्के अन् पेढा

रिठद, मंगळवार, दिवेलागण

मोबाइलवर चहाच्या पैशात पोकरची टूर्नामेंट खेळता येते, त्यात आज सुरुवातीलेच दोन एक्के, म्हणजे सगळ्यात भारी जोडी, हाती आले. असे पत्ते आले की मधले सामाईक पत्ते उघडायच्या आधीच डाव जोरात वाढवायचा, म्हणजे फालतू पत्तेवाले पळतात. हे मले पाठ आहे. तरी दुसऱ्यांनी टाकले तेवढेच चिप्स, म्हणजे खेळातले पैसे, मी टाकले. चौघं स्वस्तात आत आले अन् एका सत्ती-दुर्रीवाल्यानं मले बाहेर काढलं.

काहून केलं असं? बैलबाजारातली सवय, दुसरं काय! जोडी कितीबी मनात भरो, चेहऱ्यावर दाखवायचं नाही, नाहीतर व्यापारी भाव चढवते. बाबानं लहानपणीच शिकवलं.

पण पत्त्यांचं जाऊ दे. ते दोन एक्के हातात असतानाच माझी पोरगी वैशू पेढा घेऊन आली. "बाबा, अकोल्याले नर्सिंगले नंबर लागला माझा!" छाती भरून आली होती माझी, खरंच. अन् मी मान वर न करता म्हनलं, "बरं."

तिथं कोनता व्यापारी उभा होता?

मंग सयपाकघरातून ऐकू आलं, ती मायले सांगून राह्यली होती, "बाबाच्या मनात नाही वाटते. राहू दे, नाही जात मी."

उठून सांगावं तिले. पण दोन एक्के असताना गप बसलो, हे कसं सांगू?

आत्ताच ती येऊन गेली. माझ्यापुढचा पेढा तसाच पाहून तिनं उचलला, डब्यात ठेवला.

तेव्हाबी मी चेहरा हलू दिला नाही.