जाळीपाशी दहा मिनिटं

मंगळवार, १४ मे

प्रिय दादास,

धाकटीचा नमस्कार. तू भेटायला नाही म्हणालास, म्हणून हे पत्र वकिलांच्या हाती कोठडीत पाठवते आहे. फाडायचंच असेल तर निदान वाचून फाड.

आमच्या खात्यावर घोर संकट कोसळलंय. स्कॅनरच्या खोलीतली विजेची किटली जप्त झाली. कारण : सुरक्षा. सरहद्दीच्या नाक्यावर रोज शेकडो ट्रक माझ्या पडद्यावरून जातात, आत काय काय असतं देव जाणे; पण देशाला धोका निघाला तो माझ्या चहापासून. साहेबांना म्हटलं, "किटलीला तिची बाजू तरी मांडू द्या." साहेब म्हणाले, "बाई, तुमची जीभ जप्त करायचं कलम सापडत नाही, म्हणून गप्प आहे."

पोरं बरी आहेत. थोरली जेवते. छोटा वहिनीची शाल उशाला घेऊन झोपतो आणि विचारतो, "आत्या, आई ट्रकमध्ये का बसली होती?" मी सांगते, बस चुकली म्हणून.

वकील सांगत होते, तू म्हणतोस, सख्ख्या बहिणीनं स्वतःची नोकरी वाचवली. म्हण.

पण आमचं काम तुला ठाऊक आहे. खाली व्यापारी ओरडतात, टोमॅटो सडले, ट्रक सोडा. वरून फोन येतो, एकही संशयित सुटता कामा नये. म्हणजे दार सताड उघडंही हवं आणि घट्ट बंदही. गेल्या वर्षी आमच्यापैकी एकानं घाईत ‘सोडा’चं हिरवं बटण दाबलं आणि त्या ट्रकच्या स्फोटात वजनकाट्यावरचे काका गेले. त्यानंतरच सरहद्द ओलांडायचे सगळ्यांचे परवाने रद्द झाले, आणि माहेरी गेलेली वहिनी पलीकडेच अडकली. ती आठ महिने पोरांवाचून राहिली. मला हे सगळं कळत नाही असं समजू नकोस.

तू माझी पाळी बघून ट्रक आणलास. एका शब्दानं बोलला नाहीस. गाद्यांच्या थप्पीत मला गुडघे पोटाशी घेतलेलं माणूस दिसलं. मग डाव्या पायातली प्लेट दिसली, आणि चार स्क्रू. वहिनीच्या त्या ऑपरेशनच्या वेळी बाहेरच्या बाकावर तुझ्याशेजारी मीच बसले होते रे.

तुला गेटवर कुणी सांगितलं नसणार, त्या दिवशी कराचा संगणक बंद पडला होता. हिरवे ट्रक सील ठोकून, ड्रायव्हरला बाहेर काढून, यार्डात उन्हात उभे करत होते. दोन दिवस कुणी हात लावणार नव्हतं. लाल ट्रक मात्र तिथल्या तिथे उघडतात. मी लाल दाबलं. बाहेर काढली तेव्हा वहिनी शुद्धीवर नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संध्याकाळ काही बघितली नसती हिनं.

हे मी सगळ्यांना असंच सांगते. तुला तेवढंच सांगून थांबत नाही. यार्डाचा विचार बोट टेकण्याआधी आला की नंतर, मला आठवत नाही. खरंच आठवत नाही, दादा. आठवू जाते तर फक्त बोट दिसतं.

तिला गुरुवारी परत पाठवताहेत. यापुढे परवाना कधीच नाही. जाण्याआधी सरहद्दीच्या जाळीपाशी पोरांना दहा मिनिटं भेटू देणार आहेत. पण त्याला बापाची सही लागते, आणि तू माझं नाव दिसलं की कागद भिरकावतोस. पाया पडते तुझ्या. मला जन्मभर तोंड दाखवू नकोस, पण सही कर. नव्या कागदावर माझं नाव नाही. पोरांना वकीलच नेतील. मी पाळीवर असेन, जाळीकडे फिरकणारसुद्धा नाही.

आणि ती किटली तुझी होती. मागे कधीतरी उसनी म्हणून नेली ती नेलीच. साहेबांच्या हातापाया पडून सोडवली. झाकण मोडकं होतं, नवं बसवलं. आतला पांढरा थर खरवडून काढला. तुझ्या घरी ओट्यावर ठेवली आहे. आता तुझं माझ्याकडे काही राहिलं नाही. पोरं तेवढी आहेत.

सही कर.

पोरांची आत्या