मुद्दाम अवघड लिहिलेलं

चेन्नई, ऑगस्ट २००६

चि. रघुवीरास अक्काचे भरभरून आशीर्वाद.

दिवाळीआधी मला कायमचं न्यायला येतोस, असं लिहिलंस. थांब, आधी हे वाच.

तुझ्या भाचीच्या, तनयाच्या ऑफिसातल्या मुलांनी एक स्पर्धा लावली आहे. कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहायचा, पण कुणाला वाचता येऊ नये असा मुद्दाम गुंतवून. आपल्या तनयाचा प्रोग्राम म्हणजे अक्षरांची आणि कंसांची नुसती खिचडी. पण तो चालवला की गणितातली लाट पडद्यावर चांदणीच्या चिन्हांनी उमटते!

मी पुड्यांचे कागद वाचत वाचायला शिकले. वाचताच येऊ नये म्हणून कोणी लिहितं, याचा मला रागच आला. इथली दुपार फार लांब असते. रोज तो छापलेला कागद घेऊन बसायला लागले.

काल तिला म्हटलं, "लाट मधल्या रेषेपासून नऊच अक्षरं दूर जाते, आणि इथे नऊचा आकडा आहे. त्याचे तीस कर."

"आई, सगळं बिघडेल हं!"

"मग पुन्हा नऊ कर."

तिने तीस केले आणि लाट पार पडद्याच्या कडेपर्यंत फुगली! मी ओरडलेच, "अहो, हे बघा!"

हे जाऊन दीड वर्ष झालं, तरी तोंडात तेच येतं. तनया स्वतः उठली आणि मला कीबोर्डसमोर बसवलं.

जेवणखाण ठीक आहे, उकाडाही सोसवतो. शैलाचा गुडघा कसा आहे? दिवाळीला तिला घेऊन ये, पण मला न्यायला नको. चार दिवस राहायला या.

तुझी अक्का