गोळीशिवायचे शंभर दिवस

६ जानेवारी, सोमवार
रक्ताच्या कॅन्सरची गोळी आजपासून बंद. अकरा वर्षं घेतली. रोज दुपारी जेवणावर एक, वर मोठा ग्लास पाणी. चार वर्षांपासून रिपोर्टमध्ये आजार सापडत नाही, म्हणून डॉक्टर म्हणाले, थांबवून पाहू. दर महिन्याला रक्त तपासायचं. रक्तातला आजाराचा आकडा वर आला तर गोळी पुन्हा सुरू. निम्म्या लोकांना सुरू करावी लागते म्हणे. मी त्या निम्म्यांतला नाही.
नर्स मिनलने फॉर्म दिला. 'जीवनमान'. थकवा, दुखणं, झोप, काळजी. प्रत्येकाला शून्य ते चार. मी सगळीकडे शून्य लिहिलं. ती म्हणाली, "काका, वाचून तरी पाहा." भूमापन कार्यालयात छत्तीस वर्षं फॉर्मच भरले.
घरी तीस गोळ्या शिल्लक. परत करायच्या आहेत. तूर्त बायकोच्या, जयाच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये.

७ जानेवारी
निश्चय: पहाटे सक्करदरा तलावाला दोन चकरा. वेळ न पाहता जेवायचं. जयाचे कपडे देऊन टाकायचे. तिला जाऊन पाच महिने झाले.
बरोबर दीडला जेवलो. हात ताटाच्या उजवीकडे गेला. जया तिथे गोळी ठेवायची. ती गेल्यावर मी ठेवत होतो. सवय आहे. आठ दिवसांत जाईल.

१८ जानेवारी
खांदे आणि मांड्या खूप दुखतात. चकरांमुळे असणार. चकरा उद्यापासून सुरू करायच्या आहेत.
पुण्याहून मुलीचा, प्रीतीचा फोन. गोळी थांबवल्यावर काही जणांचं अंग दुखतं, असं डॉक्टरांनी तिलाही सांगून ठेवलं आहे. मी म्हणालो, काही नाही. "मग आवाज असा काहून येऊन राहिला बाबा?" रेंज नाही, म्हणालो.

२ फेब्रुवारी, रविवार
उद्या तपासणी. काळजी अजिबात नाही. जेवणावर एक गोळी घेतली. याला गोळी घेणं म्हणता येणार नाही. जमीन मोजायला निघण्याआधी आम्ही मोजणीची साखळी पुसून घ्यायचो, तसं.

११ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. आजार आढळला नाही. गोळीची गरज नाही हे सिद्ध झालं.
तळमजल्यावर गोळ्यांच्या खिडकीपाशी सावनेरचे रुपराव भेटले. मोफत गोळ्यांच्या रांगेत नऊ वर्षं माझ्यामागे त्यांचाच नंबर. त्यांचा आकडा अजून खाली आलेला नाही, त्यामुळे त्यांना गोळी थांबवता येत नाही. म्हणाले, "काहून गा धम्मानंदभाऊ, रिटायर झाला तरी हापिसात येऊन राहिला?" मी म्हणालो, रिपोर्ट घ्यायला आलो. रिपोर्टची खिडकी दुसऱ्या मजल्यावर आहे, हे त्यांना माहीत आहे.

२ मार्च, रविवार
उद्या तपासणी. या वेळी पाच दिवस घेतल्या. एका गोळीने काय होणार? करायचंच तर नीट करावं. अंगदुखी कमी आहे. चकरांचा फायदा. आजवर एक झाली. एक म्हणजे खरं तर अर्धीच.

११ मार्च
आढळला नाही. प्रीतीला म्हणालो, तुझी आई असती तर पेढे वाटले असते. फोन ठेवल्यावर वाटलं, जया असती तर आधी ड्रॉवर उघडून गोळ्या मोजल्या असत्या.
कपडे पुढच्या महिन्यात देऊ.

२६ मार्च
मानेखाली हाताला गाठ लागली. अर्धा तास खुर्चीतून उठलो नाही. नंतर बनियन काढला. शिवण होती. तरी आजपासून रोज गोळी. फक्त तपासणीपर्यंत.

६ एप्रिल
बारा झाल्या. उद्या रक्त देणार. तब्येत उत्तम. गोळी बंद केल्यापासून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

१५ एप्रिल
शंभरावा दिवस. आढळला नाही. डॉक्टरांनी हात मिळवला. बाहेर बसलेल्या पेशंटना दोन शब्द सांगा, म्हणाले. मी चारचौघांत बोलणारा नाही. जया गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला सगळे तिच्याबद्दल बोलले, मी नुसता उभा राहिलो. आज तीन मिनिटं बोललो. मन घट्ट पाहिजे, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. रुपराव शेवटपर्यंत वाजवत होते.

१९ एप्रिल, दुपार
रुपरावांचा फोन. त्या दिवसापासून त्यांनीही गोळी बंद केली. डॉक्टरांना न सांगता. "तुले काई झालं नाई, त मले काय होते? मन घट्ट पायजे, तूच त म्हटलं." मागून त्यांच्या बायकोचा, पंचफुलाबाईंचा आवाज: "आधी त्या भाऊले नीट इचारा तं खरं!" मी म्हणालो, डॉक्टरांना विचारा. रुपराव हसले. "सोता सुटला, अन् आमाले रांगेत उभं करते."
मोठे आहेत. त्यांचं त्यांना कळतं.

सायंकाळी ५
नाही कळत. तीनदा फोन केला. उचलत नाहीत.

२० एप्रिल, रविवार
सकाळच्या बसने सावनेर. बसमध्ये वाक्य तयार केलं होतं. अंगणात रुपरावांना पाहून विसरलो. अठरा गोळ्या खाल्ल्या, एवढंच म्हणालो.
ते उठून जवळ आले. "म्हंजे तू बंद केलीच नव्हती?"
"नाही."
"अन् मी पाच दिवस झाले तुह्या भरवशावर बसलो!"
पंचफुलाबाई आतून गोळ्यांचं पाकीट आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "घ्या. आता या भाऊचं भाषण आयकाचं नाई." मग मला, "तुमी बसा भाऊ. गिळली का नाई पाहून जा."
गिळली. रुपराव माझ्याशी बोलले नाहीत. बसपर्यंत सोडायला मात्र आले.

२१ एप्रिल, सोमवार
डॉक्टरांना सगळं सांगितलं. उरलेल्या बारा गोळ्या मिनलच्या हातात दिल्या. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, तिन्ही रिपोर्टवरून आता काहीच सांगता येत नाही. रुपरावांना उद्या रक्त तपासायला बोलावलं.
मग विचारलं, अंग दुखत होतं, भीती वाटत होती, तर फोन करायचा. गोळी कशाला घ्यायची?
मी म्हणालो, जेवायला एकटाच असतो.
त्यांचं पेन थांबलं. हे त्यांनी लिहून घेतलं नाही. नव्या पानावर तारीख घातली आणि लिहिलं: गोळी बंद, दिवस पहिला.