पलीकडच्या गावाचा दवाखाना

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायचं एक राहूनच गेलं आहे. तोंडाने कधी जमलं नाही, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही आमदार झालात तेव्हा मी सोळा वर्षांची होते. मालवणच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारा माणूस मुंबईला विधानसभेत जाणार, याचा गावाला केवढा अभिमान! तुम्हाला मात्र धास्ती होती ती पुस्तकी मराठीची. बोटीने निघण्याआधी आठवडाभर तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून माझ्यापुढे भाषण म्हणून दाखवत होता. आई विळीवर बांगडे साफ करते आहे, मी वही धरून बसले आहे आणि तुम्ही दर वाक्याला अडता आहात. "'आहे' म्हणतानाच माझी जीभ अडाकता गो," तुम्ही म्हणता. मी फिदीफिदी हसते, आणि आई हसू लपवायला मान आणखी खाली घालते. पहिल्या अधिवेशनात तुम्ही गप्पच बसून आलात. दुसऱ्यात उठलात आणि दवाखाना मागितलात. त्या कामकाजाचं छापील पुस्तक तुम्ही घरी आणलंत. आईला वाचता येत नव्हतं. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि मी दाखवलेल्या तुमच्या तीन ओळींवरून नुसतं बोट फिरवलं.

दवाखाना मंजूर झाला, पण आपल्या गावात नव्हे, तुमच्याच सांगण्यावरून खाडीपलीकडे डोंगरातल्या गावात. रापणीतले तुमचे सगळे भागीदार घरापुढच्या खळ्यात येऊन उभे राहिले, पुढे तुमचे थोरले भाऊ. "तुका आमी निवडून दिलो आणि दवाखानो त्यांका?" काकांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "तुमीच दिलास. पण माणसां थंय मरतत." प्रचाराला फिरताना त्या गावातल्या एका अडलेल्या बाईला डोलीतून आणताना तुम्ही पाहिलं होतं. होडी येईपर्यंत ती काठावरच गेली होती. मी मध्येच बोलले, "पण आमचो दवाखानो गेलो मां!" तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझ्यावर ओरडलात, "आमका डॉक्टर कोसभरार आसा. खुळ्यासारख्या बोलू नको!"

त्यानंतर विहिरीवर बायका आईशी बोलेनाशा झाल्या. मासळीचा वाटा घ्यायला तिला सगळ्यांच्या शेवटी उभं करू लागले. तुम्ही मुंबईत होता, आणि आईने तुम्हाला त्यातलं अवाक्षर सांगितलं नाही. मी मात्र रोज पाहत होते.

पुढच्या निवडणुकीत तुम्ही पडलात. दुसऱ्याच दिवशी सकाळी किनाऱ्यावर जाऊन रापणीच्या दोराला हात घातलात. काका थोडे सरकले आणि तुम्हाला जागा करून दिली. घरी येऊन तुम्ही आईला म्हणालात, "बरा झाला. आता 'आहे' म्हणूक नको."

त्याच वर्षी तुम्ही मला नर्सचं शिक्षण घ्यायला पाठवलंत. शिकून आले आणि नेमणूक मिळाली ती त्याच दवाखान्यात. तुम्ही एकदाच तिथे आलात, न कळवता. बाकावर रोग्यांच्या रांगेत बसला होतात. शेजारच्या बाईने विचारलं, "तुमका काय जाला?" तुम्ही म्हणालात, "काय नाय, बघूक इलंय." मग तिचं तान्हं पोर मांडीवर घेऊन तिचा नंबर लागेपर्यंत बसून राहिलात. तुम्ही कोण, हे तिला कळलंच नाही, आणि मी दारातून पाहत असूनही सांगितलं नाही. तुमचा चेहरा इतका निवांत मी त्याआधी पाहिला नव्हता. मी तिथे होते तेवढ्या वर्षांत खाडीच्या काठावर एकही बाई गेली नाही, बाबा. हे तुम्हाला कळायला हवं होतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच पुढचं लिहायचं धाडस होतं आहे. निकाल लागला त्या दुपारी तुम्ही थट्टेने आईला म्हणाला होतात, "घरातली तीन मतां तरी आपलीच." मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले. माझं ते पहिलंच मत होतं. आईला रांगेच्या शेवटी उभी पाहून पाहून माझा राग धुमसत होता, आणि तुम्ही घरी यावंत, असंही वाटत होतं. शिक्का मी दुसऱ्याच्या चिन्हावर मारला होता.

तीन नव्हती, बाबा. दोनच होती.