शेवटच्या ओळीतलं तुमचं नाव

नंदुरबार, १८ फेब्रुवारी

अहो,

आज नळाला पाणी उशिरा आलं. दहा वाजता गच्चीवर मिरची पसरली. अकराला मगनभाऊंची लेक संगीता आली, मोबाइलमध्ये तुमची गाणी भरून घ्यायला. एक गाणं झालं, तेही पूर्ण नाही. जेवून ती गेली. आता चार वाजलेत आणि घरात मी एकटी आहे.

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. लग्नानंतर आपण चार दिवससुद्धा वेगळे राहिलो नाही, मग पत्र कशाला लागणार होतं? तुम्ही जाऊन दीड वर्ष होत आलं. इतके दिवस लिहावंसं वाटलं नाही. आज वाटलं, कारण आज मी पुन्हा तेच केलं, जे सुरतेला केलं होतं.

आधी दुसरं सांगते. गेल्या आठवड्यात अक्कलकुव्याला एका लग्नाला गेले होते. वरातीत तुमचं मिरचीचं गाणं लागलं. ठेका कुणीतरी नवा घातलाय, पण आवाज तुमचाच. पोरी नाचत होत्या. मी शेजारच्या बाईला विचारलं, हे गाणं कुणाचं? ती म्हणाली, कुणाचं नाही, जुनं आहे, आपल्या आज्या म्हणायच्या. मोबाइलवरही तसंच लिहिलेलं असतं म्हणे, पारंपरिक. मी सांगायला हवं होतं ना? पंगतीत जिलबी ताटात तशीच टाकून उठले.

आज्या कुठल्या! ते गाणं तुम्ही मिरचीच्या पथारीवर बांधलं, माझ्या डोळ्यांदेखत. नजर जाईल तिथपर्यंत लाल मिरची वाळत पडलेली आणि देठं खुडणाऱ्या बायांवर तुम्ही मुकादम. बाकीचे मुकादम बायांवर ओरडायचे. तुम्ही मात्र एकीला ठसका लागून सगळी रांग खोकायला लागली, की गाणं सुरू करायचात. मी तुमचा डबा घेऊन यायचे तेव्हा त्या मला चिडवायच्या, "मंदे, याले घरमा बी असाच ठसका लागस का वं?" तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात.

पथारीवरून गाणी लग्नांत गेली, लग्नांतून सारंगखेड्याच्या जत्रेत. घोड्यांच्या बाजाराच्या कडेला एक बाकडं आणि एक भोंगा, एवढ्यावर तुम्ही संध्याकाळपर्यंत गायचात. घोडे घ्यायला आलेली माणसं घोडे विसरायची. मी अंगणवाडीच्या वहीत तुमची गाणी उतरून ठेवायचे, कारण तुमची शाळा चौथीपर्यंतची.

शेवटची ओळ नेहमी गाणं बांधणाऱ्याच्या नावाची. पण आपलं नाव आपल्याच तोंडाने गायचं नाही, ते मागच्याने म्हणायचं, ही तुमच्या मंडळाची रीत. ते काम मगनभाऊंचं. ढोलकीवर थाप मारून ते तुमचं नाव असं घ्यायचे की मांडवात शिट्ट्या वाजायच्या. माझ्या वहीत मात्र त्या जागी तीन टिंबं असायची. तुम्ही एकदा बोट ठेवून विचारलंत, हे काय? मी म्हटलं, तुम्ही.

मग सुरतेला कॅसेट करायचं ठरलं आणि आदल्या दिवशी मगनभाऊंची आई गेली. ढोलकीला तिथलाच एक जण मिळाला. मागे म्हणायला कोणी नाही. तुम्ही म्हणालात, तुला सगळी पाठ आहेत, तूच म्हण. भिंतींना गाद्या लावलेल्या त्या खोलीत मी डोक्यावर पदर घेऊन उभी राहिले. माझ्या साथीने पहिलं गाणं शेवटापर्यंत आलं. तुम्ही थांबलात. आता मी म्हणायचं. ढोलकीचे दोन फेरे झाले, तीन झाले. माझं तोंड उघडलं नाही.

काचेपलीकडच्या माणसाने विचारलं, पुढे काय? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. किती वेळ पाहत होतात, आठवतं का तुम्हाला? मग त्याला सांगितलंत, "इतलंच शे गानं."

आठही गाणी तशीच झाली.

तुम्ही स्वतः का नाही म्हटलीत ती ओळ? रीत एक दिवस मोडली असती तर काय झालं असतं? किंवा मला बाहेर नेऊन रागवायचं तरी होतं. परतीच्या गाडीत मी नवापूर येईपर्यंत वाट पाहिली की आता बोलाल. नवापूरला तुम्ही चहा आणून दिलात आणि कौतुकाने म्हणालात, तुन्हा आवाज चांगला लागना. त्यानंतर कधी विषयच काढला नाहीत. पुढच्या दोन कॅसेटांत मगनभाऊ होते, त्यात तुमचं नाव आहे. पण लोकांनी उचलली ती पहिली आठच. कॅसेटच्या कागदावर तुमचं नाव होतं, फोटोही होता. कागद किती दिवस टिकणार?

तेव्हा तुम्हाला वाटलं असेल की मी लाजले. लोकांनाही तसंच वाटलं. खरं कारण मी कधी सांगितलं नाही, ते आज सांगते. त्याच हिवाळ्यात तुम्हाला कावीळ झाली होती. डोळे हळदीसारखे झाले होते. सासूबाई मला म्हणाल्या होत्या, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, तू तरी सांभाळ. मी दहावी झालेली, अंगणवाडीत बायांना लशींचं समजावून सांगणारी. मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण तुम्ही नुकते उठून बसला होतात. माझी हिंमत झाली नाही.

नंतर मग सवयच झाली. रेशनच्या रांगेत कुणी नाव विचारलं की मी कार्ड पुढे करायचे. दवाखान्यात तुम्हाला शेवटचं नेलं तेव्हा नर्सने विचारलं, पेशंटचं नाव काय? तेव्हाही मी आधार कार्डच काढून दिलं. तुम्ही स्ट्रेचरवरून पाहत होतात.

लग्नात उखाणा घेतला होता, तेवढंच. तोही उंबऱ्यावर, सगळ्या बाया अंगावर पडत असताना. तुम्ही नंतर म्हणालात, गोंगाटात काही ऐकू आलं नाही. म्हणजे माझ्या तोंडून तुमचं नाव तुम्ही एकदाही ऐकलं नाहीत. हे मला त्या वरातीत सुचलं, आणि तेव्हापासून जात नाहीये.

आज संगीताने मोबाइल पुढे धरला. मी मिरचीचं गाणं म्हटलं. आवाज बसलाय, पण चाल बरोबर होती. शेवटच्या ओळीला आले आणि थांबले, अगदी सुरतेसारखी. तिने वहीतली टिंबं पाहिली. तिला गाण्यांतलं कळतं, पण कॅसेटवर नसलेल्या त्या ओळींची चाल तिला ठाऊक नाही. मगनभाऊंना अर्धांगवायू झाल्यापासून शब्द फुटत नाही. मी विषय बदलला, जेवून जा म्हटलं. ती जेवली. निघताना चपला घालता घालता म्हणाली, "काकू, तुम्ही नही म्हनशात ते आते कोन म्हनी?"

मला राग आला. ती गेल्यावर कळलं की तिचं बरोबर आहे. तुमचं आयुष्य घटेल म्हणून मी थांबले होते. आता घटायला काय राहिलंय?

दार लावून घेतलं. वही काढली आणि आठही ठिकाणी टिंबांवर तुमचं नाव लिहिलं. मग स्वयंपाकघरात उभी राहून म्हणून पाहिलं. दोनदा पहिली ओळ म्हणून थांबले. तिसऱ्यांदा आलं:

मिरची सुकनी, व्हयनी लाल,
गानं बांधस हिरालाल.

ऐकलंत का? मोठ्याने म्हटलं होतं. शेजारच्यांनी ऐकलं असेल तर ऐकू दे.

संगीता रविवारी परत येईल. मी तिला फोन करून सांगितलंय की जास्त वेळ काढून ये. आठही गाणी शेवटच्या ओळीपर्यंत म्हणेन, आणि जिथे कुठे ती लावेल तिथे तुमचं नाव माझ्या आवाजात लागेल. हा शब्द तुम्हाला दिला. वरातीत पुन्हा कुणी आज्यांचं म्हणालं, तर तिलाही सांगेन.

आता दव पडायच्या आत मिरची गोळा करायला हवी. ताडपत्रीची घडी दोघांचं काम. मी एक टोक विटेखाली दाबते, दुसरं धरून मागे मागे जाते आणि मग परत येऊन वीट काढते. घडी वाकडीच होते. तशीच जिन्यात ठेवते.

तुमची,
मंदा