प्रोफेसरांनी नेलेली वाळू

प्रिय कयल,

आधी मोटारीतून उतरली ती तुझी प्रयोगशाळेतली मैत्रीण सुगिर्ता, मान खाली घालून. मागून तुझे प्रोफेसर ज्ञानशेखरन. आपल्या ओट्यावर बसण्याआधी रुमाल अंथरला बाई त्यांनी! चाळीस वर्षं त्या ओट्यावर मी समुद्रातलं शेवाळ निवडतेय, कुणाला काही चिकटलं नाही. मी मुद्दाम शेजारच्या राक्कम्माला हाक मारली, म्हटलं, ये गं, मोठी माणसं बघायला.

हे सर तुला काय बोलले होते, ते मी विसरले नाही. तुमचा तो प्रयोग, स्नायूंमधली मोठाली प्रथिनं शेवाळाच्या जेलीतून विजेनं पळवायची, लहान पुढे, मोठी मागे. पण मोठी सगळी तोंडाशीच अडून नुसता डाग उठायचा. तू म्हणालीस, जेलीची भोकं बारीक पडतायत, माझी पाट्टी खायची जेली करते तशी सावकाश थिजू द्या, मोठी पडतील. तर म्हणे, 'इथे संशोधन चालतं, आजीबाईचा फराळ नाही.' तू रडत निघून आलीस, आणि आता मदुरैत औषधाच्या दुकानात गोळ्या विकतेस.

निघण्याआधी तू सावकाश थिजवून मागे ठेवलेल्या जेलीत पट्टे कसे सुटे सुटे उमटले म्हणे, विंचरलेल्या केसांसारखे! त्यांना मात्र ते पुन्हा जमेना, म्हणून आले मला विचारायला. 'पाट्टी, तुम्ही करता कसं?' मी म्हटलं, उन्हानं तापलेल्या वाळूत पातेलं पुरते. झालं! पुढचं ऐकायला वेळ कुणाला? किनाऱ्यावरची वाळू पोतंभर भरून घेतली. जाताना म्हणाले, 'लेखात कयलचे आभार मानू.' मी म्हटलं, आभार वाटीभर साखरेचे मानतात, सर.

कयल, त्या वाळूत काय आहे गं? ऊब तेवढी. सुगिर्तानं नंतर फोनवर सांगितलं, यांनी ती नेऊन ठेवली एसीखाली, गारढोण! एवढं शिकलेलं डोकं, पण पातेल्याला हात लावून बघायचं सुचलं नाही. राक्कम्मा आणि मी पोट धरून हसलो.

आज सरांचा फोन आला. आता 'पाट्टीअम्मा' म्हणतात! मी सांगितलं, मला खायचं तेवढं करता येतं. किती वेळ, किती ऊब, ते माझी नात मोजून सांगेल. पण आधी लेखावर तिचं नाव सगळ्यात वर लिहा, तिची जागा तिला परत द्या, आणि तो कागद घेऊन या. आधी 'बघू' म्हणाले. मग 'बरं' म्हणाले.

म्हणून हे लिहितेय. दुकानातून सुट्टी घे, गुरुवारच्या बसनं ये. कागद वाचल्याशिवाय तोंड उघडू नकोस. मला अक्षरं लावत बसायला वेळ लागतो. रुमाल घेऊन येणार आहेत ते, शुक्रवारी सकाळी.

तुझ्या जिवावर फुशारकी मारणारी,
तुझीच पाट्टी